वरच्या मजल्यावरची मेंढी

९ जून, सोमवार

शहाजी वकिलानं सांगितलं म्हणून ही वही सुरू केली. भाडेकरूला घराबाहेर काढायचं तर पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तारीख, वेळ आणि काय घडलं ते. "बाई, मनातलं काही लिहू नका. घडलेलं तेवढं लिहा," असं तो म्हणाला. शहाजी माझ्याच वर्गात होता, गणितात दोनदा राहिला. तरी वकील म्हणून चांगला आहे म्हणतात.

तर घडलेलं असं. मी रुद्राणी, निवृत्त शिक्षिका. नऊ वर्षांपूर्वी हे गेले, मुलगा प्रभु पुण्यात असतो, मी इथं भवानी पेठेतल्या स्वतःच्या घरात खालच्या मजल्यावर एकटी राहते. वरच्या दोन खोल्या आणि पुढची गच्ची जानेवारीपासून दिपाली या मुलीला दिली आहे. ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. मुलगी शांत आहे. करारनाम्यात मी चार अटी घातल्या होत्या. तिसरी अशी की घरात मटण आणायचं नाही. आम्ही लिंगायत. ही अट तिनं सही करण्याआधी दोनदा वाचली होती.

काल दुपारी तिचे वडील ज्ञानबा मंगळवेढ्याकडच्या गावाहून टेंपोनं राहायला आले. बरोबर एक वळकटी, एक काठी आणि एक मेंढी. मेंढी माझ्यादेखत जिना चढून वर गेली, माझ्याहून लवकर.

मी वर जाऊन विचारलं, "ही कधी कापणार आहात?"

दिपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्ञानबा माझ्याकडे न बघता मेंढीच्या कानापाशी वाकले आणि तिला म्हणाले, "ऐकू नगंस."

१० जून, मंगळवार

शहाजीला फोन करून विचारलं, तिसरी अट मोडली का? त्यानं अट दोनदा वाचून दाखवायला लावली. मग म्हणाला, "बाई, मटण आणायचं नाही असं लिहिलंय. मेंढी स्वतःच्या पायानं आली. वाद होऊ शकतो."

संध्याकाळी दिपाली खाली आली, तिनं सगळं सांगितलं. ज्ञानबांची ऐंशी मेंढरं होती. गेल्या वर्षी बायको वारली, मग यांचा पाय मोडला आणि कळप विकावा लागला. तेव्हापासून माणूस बोलेना, जेवेना. एकदा घरातून निघून गेले ते दुसऱ्या दिवशी कुणा परक्याच्या कळपामागं चालताना सापडले. मनोविकाराच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय की मनाच्या आधारासाठी एक प्राणी सोबत असणं रुग्णाच्या हिताचं आहे. म्हणून ही एक मेंढी आणली.

"प्राणी म्हणजे पोपट चालला असता," मी म्हटलं.

"पोपटाच्या मागं चालता येत नाही की, बाई," दिपाली म्हणाली.

मुद्दा बरोबर होता, पण मुद्दा बरोबर असणं म्हणजे परवानगी नव्हे. एक महिन्याच्या आत मेंढी हलवा नाहीतर घर सोडा, असं मी लेखी दिलं. पालिकेच्या झोन ऑफिसलाही एक तक्रार पोस्टानं पाठवली. सगळ्या बाजूंनी तयारी असलेली बरी.

१२ जून, गुरुवार

दिपालीनं अर्ज दिला. "वडीलांना मेंढी सोबत राहण्याचा हक्क असल्या बाबत." एका पानात सात चुका. लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवला आणि खाली लिहिलं की अर्ज नामंजूर, मात्र मांडणी चांगली. तासाभरात पुन्हा स्वच्छ लिहून आला. एकही चूक नाही. तोही नामंजूर करावा लागला, वाईट वाटलं.

१४ जून, शनिवार

पुरावा. पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी ओरडणे. ५.२५ ला पुन्हा. सकाळी ७ ला गच्चीवर खुरांचा आवाज. दुपारी २ ला शांतता, मात्र लेंड्यांचा वास. वास म्हणावा तितका नाही, पण आहे.

माझी नणंद ईरम्मा दोन घरं सोडून राहते. ती मेंढी बघायला आली आणि तासभर वरच बसली. खाली येऊन म्हणाली, "वैनी, नाक काय सुरेख आहे गं तिचं, पोपटासारखं बाकदार. शेवंती नाव आहे म्हणे." हिला साक्षीदार करायची नाही असं ठरवलं.

२२ जून, रविवार

आज ५.१० ला आवाज आला नाही. ५.२५ लाही नाही. साडेसहापर्यंत वाट बघून मी वर गेले, पुरावा अपुरा राहू नये म्हणून. शेवंती पाय पोटाशी घेऊन बसली होती. ज्ञानबा तिच्यापाशी.

"काय झालंय तिला?" मी विचारलं.

ज्ञानबा माणसांशी बोलत नाहीत हे माहीत होतं. ते मेंढीला म्हणाले, "शेवंते, बाईस्नी सांग, शिळी भाकर जादा झालीया. कोवळा पाला मिळंना हितं."

मग मीही मेंढीलाच म्हटलं, "त्यांना सांग, पाला कसला लागतो?"

"शेवगा म्हनावं. न्हायतर सुबाभूळ."

मागच्या गल्लीत शाळेच्या कुंपणाला शेवगा आहे. दहा मिनिटांत घेऊन आले. याचं कारण लिहून ठेवते. जनावराचं पोट बिघडलं तर गच्ची खराब होते आणि गच्ची माझी आहे.

५ जुलै, शनिवार

गच्चीच्या काळजीनं रोज पाला नेते आहे. महिन्याची मुदत गुरुवारी संपते. दिपाली दोन ठिकाणी घर बघून आली. एकानं मेंढी म्हटल्यावर दार लावलं, दुसऱ्यानं "चालेल की, बकरी ईदला येतो मग जेवायला" असा विनोद केला. ती हे हसत सांगत होती, पण वर गेल्यावर कितीतरी वेळ नळ चालू होता आणि भांडी घासल्याचा आवाज काही येत नव्हता.

पावसाळ्यात घर बदलणं बरोबर नाही. मुदत पावसाळ्यापुरती वाढवली. लेखी दिलं.

१९ जुलै, शनिवार

खालच्या खोलीत ओल आल्यामुळं हल्ली पेपर गच्चीवर बसून वाचते. डोळ्यांना त्रास होतो म्हणून मोठ्यानं वाचते. हवामानाची बातमी वाचली की ज्ञानबा शेवंतीला सांगतात, "खोटं हाय. चार दिस पानी न्हाय." चार दिवस खरंच पाऊस आला नाही. मग मी शेवंतीला विचारलं, यांना कसं कळतं? ते तिला म्हणाले, "मुंग्या बघ म्हनावं." तर आता पेपरनंतर मुंग्या बघाव्या लागतात, त्यात साडेनऊ वाजतात.

प्रभुचा फोन घ्यायचा राहिला. रात्री तो रागावला, "आई, सकाळी कुठे असतेस?" मी म्हटलं, पुरावा गोळा करते आहे.

३० जुलै, बुधवार

शहाजीला वही दाखवायला नेली. त्यानं सगळी वाचली. मधे एकदोनदा खिडकीबाहेर बघून रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "बाई, ही वही कोर्टात दिली तर साहेब दोन्ही मजले मेंढीच्या नावावर करतील."

"म्हणजे पुरावा कमी पडतोय का?"

"पुरावा भरपूर आहे. तो कशाचा आहे, तेवढं तुम्ही एकदा ठरवा."

याला गणितात राहिल्याबद्दल मी तेव्हा जे बोलले होते ते कमीच होतं.

६ ऑगस्ट, बुधवार

आज वाईट झालं. सकाळी अकराला पालिकेचे निरीक्षक आले. हातात फाईल. म्हणाले, तक्रार आहे, एका जागरूक नागरिकाची. वाचून दाखवू लागले. दुर्गंधी, कर्कश ओरडणे, रोगराईची भीती.

"असं कोण म्हणतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "कुणी येऊन बघितलंय का? धुतलेली गच्ची आहे. मेंढीला रोज ब्रश करतात."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. खाली माझीच सही. "अक्षर मात्र फार सुंदर आहे, बाई," ते म्हणाले. मी ही तक्रार साफ विसरून गेले होते.

"हे जूनमधलं मत आहे," मी म्हटलं. "मागे घेते."

"तक्रार मागे घ्याल, पण येताना मला गच्चीवर मेंढी दिसली की. पाळायची तर परवानगी लागते. आठ दिवसांत अर्ज करा, नाहीतर जनावर हलवा. नाहीच हलवलं तर घरमालक आणि भाडेकरू दोघांवर कारवाई होते." बोलणं सभ्य होतं. चहा घेतला आणि गेले.

ते गेल्यावर वर बघितलं. जिन्याच्या टोकाशी ज्ञानबा बादली घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तक्रार कुणाची हेसुद्धा. मी शेवंतीला हाक मारली, पण ते तिला घेऊन आत गेले.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी सातला दिपाली खाली आली, चेहरा पांढरा. ज्ञानबा नव्हते. मेंढीही नव्हती. वळकटी घडी घालून ठेवलेली, तिच्यावर डॉक्टरांचा कागद.

दिपालीच्या स्कूटीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच बसले, दोन्ही हातांनी तिला धरून. आधी मंगळवेढ्याच्या रस्त्याला गेलो, कारण गाव तिकडं. कुणीच बघितलं नव्हतं. स्टँडवर गेलो. तिथंही नाही. मोठ्या पुलाखालून जाताना दिपाली एकदम थांबली आणि म्हणाली, "मागच्या वेळी आईचं लुगडं खांद्यावर टाकून गेले होते, बाई. या वेळी तेही घरीच आहे." एवढंच म्हणाली आणि परत गाडी सुरू केली. मी मागं बसून त्या सुंदर अक्षराचा विचार करत होते.

शेवटी एका दूधवाल्यानं सांगितलं, म्हातारा आणि मेंढी अक्कलकोट रोडनं गेलेत. उन्हं चढली होती. एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर सायकलींचा घोळका दिसला. मधोमध ज्ञानबा भिंतीला टेकून बसले होते, मोडलेला पाय लांब करून. शेवंती त्यांच्या मांडीवर मान टाकून पडली होती. कामगारांनी तिला पाणी दिलं होतं, त्यांना भाकरी. भाकरी तशीच हातात होती.

दिपाली त्यांना बिलगून बसली. मी उभीच राहिले. त्यांनी वर बघितलं.

"बाई, तुमी कशाला उनात आलासा?"

"तुम्ही कशाला आलात?"

"पोरीचं घर जाईल म्हून निगालो. मेंढरू न्हाय तर भांडान न्हाय. गावाकडं जातो म्हनलं."

"घर माझं आहे," मी म्हटलं. "ते कुणाला द्यायचं ते मी ठरवीन. आणि तुमचं गाव मावळतीला आहे. तुम्ही उगवतीला आलात."

ज्ञानबांनी इकडं तिकडं बघितलं. "शेरात दिस कुटनं उगवतोय त्येच कळत न्हाय," ते म्हणाले. आजूबाजूचे हसले, मग तेही थोडे हसले, आणि भाकरी मोडून खाऊ लागले.

मी म्हटलं, "तक्रार माझी होती. चुकलं माझं." हे पंधरावीस माणसांसमोर म्हटलं.

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "पाला बी तुमचाच हुता."

परत येताना रिक्षा केली. रिक्षावाला शेवंतीकडे बघून म्हणाला, "मावशी, बकरी को मांडी पे नक्को लेव, नीचे बिठाव." मी म्हटलं, बकरी नाही, मेंढी आहे. "वहीच की. उसकू बोलो, मुंडी भार नक्को निकाल." सगळ्या रस्त्यात मी तिची मुंडी आत धरून बसले होते.

घरी आल्यावर लक्षात आलं की ज्ञानबा आज मेंढीमार्फत बोलले नाहीत. उन्हाचा परिणाम असावा.

११ ऑगस्ट, सोमवार

शहाजीकडे गेले. "परवानगीचा अर्ज लिहायचा आहे," म्हटलं.

"बाई, तुम्ही माझ्याकडे त्यांना काढायला आला होता."

"अशील तीच आहे. काम बदललंय."

त्यानं पुस्तकं काढली. मनाच्या आधारासाठी ठेवलेलं जनावर, असा शब्द आपल्या कायद्यात त्याला कुठं सापडला नाही. कुत्र्यामांजरांबद्दल काहीबाही आहे, मेंढीबद्दल नाही. पण मानसिक आरोग्याच्या कायद्यात एक गोष्ट आहे म्हणाला. अशा माणसाला वेगळं न टाकता, समाजात आपल्या लोकांबरोबर राहण्याचा हक्क आहे. "मेंढी गेली तर हा माणूस घरात राहू शकत नाही, असं डॉक्टर लिहून देत असतील तर आपण हक्क माणसाचा मागू. मेंढी त्याच्या मागोमाग येईल."

वर्गात याला इतकं नीट बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं. वकीलसाहेब लाजले.

२३ ऑगस्ट, शनिवार

अर्ज आत गेला, त्यामुळं सुनावणीपर्यंत मुदत मिळाली. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला झाला, डॉक्टर म्हणाले प्रकृती उत्तम, थोडी लठ्ठ. शेजाऱ्यांच्या अकरा सह्या हव्या होत्या. दहा मिळाल्या. अकरावी ईरम्माची. तिनं पेन हातात घेतलं आणि थांबली.

"वैनी, माझ्या तुळशीला लेंडीखत लागतं."

"मिळेल."

"दर आठवड्याला."

"ईरम्मा, सही कर."

"आणि पेपर वाचायला मलाही बोलवायचं. तुम्ही दोघंच बसता."

"दोघं नाही, शेवंती असते," मी म्हटलं. ती माझ्याकडे उगीचच बघत राहिली आणि मग तिनं सही केली.

१० सप्टेंबर, बुधवार

सुनावणी झाली. अधिकारी बाई होत्या, वयानं दिपालीएवढ्या. शहाजीनं कायदा मांडला. दिपालीनं डॉक्टरांचे कागद दिले. बाईंनी मला विचारलं, "मालकीण म्हणून तुम्हाला मेंढीचा त्रास होत नाही?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "होतो," मी म्हटलं. "पहाटे पाचला ओरडते. पण मी तशीही जागीच असते."

मग त्यांनी ज्ञानबांना विचारलं, "बाबा, मेंढी नसली तर काय होईल?"

ज्ञानबा बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मला वाटलं आता हे बोलत नाहीत, आणि इथं तर शेवंतीही नाही. दिपालीनं डोळे मिटून घेतले होते.

"काय व्हनार, बाईसाब," ते म्हणाले. "जीव काय जात न्हाय. पोरीची आई गेल्यावर मी चार म्हयनं तसाच ऱ्हायलो की. पोरगी जेवान पुढं ठिवायची, म्या खायाचो. पर ती माज्याकडं बगून जेवत न्हवती. आता दोगंबी जेवतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग लिहिलं. एक मेंढी, जागा स्वच्छ ठेवण्याच्या अटीवर, वर्षाच्या मुदतीनं, रुग्ण तिथं राहतो आहे तोपर्यंत. शिक्का जरा वाकडा बसला आहे, पण वाचता येतो.

दिपालीनं बाहेर आल्यावर माझ्या पायाला हात लावला. मी तिला सांगितलं की नोव्हेंबरात करार नवीन करू, आणि तिसऱ्या अटीत "कापलेलं" हा शब्द घालू, म्हणजे पुढं घोटाळा नको.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ज्ञानबा आज एकटे खाली आले. पायरीवर बसले. म्हणाले, दिवाळीत गावच्या बिरुदेवाची जत्रा असते, पाच दिवस जाऊन येतो. दिपालीही येणार आहे.

"आणि शेवंती?"

"तिला ठिवून जातो. एष्टीत घेत न्हाईत."

मला काळजी वाटली. आधार म्हणून दिलेलं जनावर, पाच दिवस सोडून कसं जमेल? डॉक्टरांना विचारलं का? ते म्हणाले, "मला जमंल. तुमच्या सोबतीला ठिवून जातो."

म्हणजे मी सांभाळायची. प्रभुनं दिवाळीला पुण्याला बोलावलं होतं, त्याला नाही कळवावं लागेल. ज्ञानबांची गैरसोय होऊ नये म्हणून हो म्हटलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

ती दोघं काल गेली. आज संध्याकाळी सहापासून फटाके. शेवंती गच्चीवर भिंतीला डोकं लावून थरथरत होती. तिला खाली आणलं, पुढच्या खोलीत सतरंजी घालून बसवलं. टीव्हीचा आवाज वाढवला. नंतर वाटलं टीव्हीनंच घाबरेल, म्हणून बंद करून पेपर वाचायला घेतला. हवामानापर्यंत आल्यावर तिनं मान माझ्या पायावर टाकली.

सातला प्रभुचा व्हिडिओ कॉल आला. सगळ्यांनी नवे कपडे घातले होते. तो म्हणाला, "आई, तुझ्या मागं काहीतरी हललं." मी फोन फिरवला. पलीकडे सगळे स्क्रीनपाशी गोळा झाले. धाकटी नात म्हणाली, "आजी, हिचं नाक बघ." मग प्रभु म्हणाला की पाडव्याला ते सगळे येतात, मुलांना बघायचीय. मी त्याला सांगितलं की येताना गाडी दूर लाव, हॉर्न वाजवू नकोस.

आठला फटाके जरा कमी झाले. शेवंतीला वर न्यावं म्हटलं तर ती झोपली होती. तेवढ्यात दिपालीच्या फोनवरून ज्ञानबांचा फोन. मागं ढोल वाजत होते, ते ओरडून बोलत होते.

"बाई, करमतंय का?"

"करमतंय की," मी म्हटलं. "पाला खाल्ला, पाणी प्याली. आत्ता झोपलीय."

"त्ये मला म्हाईत हाय," ज्ञानबा म्हणाले. "मी तुमाला इचारलं."